द्वारकाबाईंचं खत

आमच्या सासूबाईंचं नाव द्वारका. दिल्लीत द्वारका नावाचा एक अख्खा भागच आहे, त्यामुळे इथे हे नाव घेऊन राहणं म्हणजे नसता ताप. परभणीहून त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा सोसायटीच्या गार्डने गेटवर विचारलं, "माताजी, नाम?" या म्हणाल्या, "द्वारका." तो म्हणाला, "कहाँ से आयी हैं वो नहीं, नाम बताइए." या पुन्हा म्हणाल्या, "द्वारकाच की!" शेवटी त्याने इंटरकॉमवर मला कळवलं, "मॅडम, कोई माताजी हैं, द्वारका से आयी हैं, नाम नहीं बता रहीं, ऊपर से डाँट रही हैं." डाँट रही हैं म्हटल्यावर मी ओळखलं. म्हटलं, भैया, येऊ द्या वर.

मी मैत्री खिल्लारे, या बाईंची सून. मयूर विहारमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो आम्ही. नवरा बुद्धभूषण कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी ऑफिसात आहे, मी नोएडात नोकरी करते, पोरगी श्रावस्ती आठवीत. सासरे गेल्यावर आई आमच्याकडे आल्या त्या कायमच्या. आल्या म्हणजे काय, आमचं सगळं घर त्यांनी उचकून काढलं. तेच सांगायला बसलेय.

त्यांना आणायला भूषण स्टेशनवर गेला होता, पण चुकामूक झाली आणि त्या एकट्याच रिक्षा करून गेटवर येऊन थडकल्या. असल्या आहेत त्या. मग पुढच्या रविवारी भूषण त्यांना गाडीतून फिरवायला घेऊन गेला, मीही सोबत होते. गाझीपूरच्या बाजूने जाताना त्यांनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "हा डोंगर कुठला रे? वर लेणी हाय का?"

हसू की रडू असं झालं मला. आमच्या मराठवाड्याच्या माणसाला डोंगर दिसला की आत लेणी असणारच असं वाटतं. भूषण म्हणाला, "आई, तो कचरा आहे."

"थट्टा करायलास होय म्हातारीची?"

"खरंच कचरा आहे. सगळ्या दिल्लीचा."

"आपला बी?"

"आपला पण."

त्यांनी काच वर केली. वर घारी फिरत होत्या, त्या दिसेनाशा होईपर्यंत बाई मान वळवून बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघायच्या घाईत, एक चप्पल पायात, दुसरी शोधतेय, आणि बघते तर काय, स्वयंपाकघरात वर्तमानपत्रं पसरून आईंनी आमची कचऱ्याची पिशवी त्यावर उपडी केलेली. कांद्याची सालं, दुधाच्या पिशव्या, श्रावस्तीने अर्धा खाऊन टाकलेला पिझ्झा, केसांचा गुंता, चहाचा चोथा, सगळं एकमेकांत कालवलेलं. मी किंचाळले, "आई! काय चाललंय हे?"

"बघायलेय. हे सगळं त्या पोराला हातानं वेगळं करावं लागतंय."

सोहराब म्हणून एक तरुण माणूस आमच्या बिल्डिंगचा कचरा न्यायचा. आई सकाळी खाली गेल्या होत्या. बिल्डिंगच्या मागे तो सगळ्यांच्या पिशव्या फोडून उघड्या हातांनी निवडत बसला होता. आदल्या दिवशी कुणीतरी फुटका ग्लास तसाच पिशवीत टाकलेला, त्याचा तळवा फाटला होता, वर चिंधी बांधलेली. आईंनी त्याला विचारलं, कुणाच्या घरचा होता रे ग्लास? तो म्हणाला, माताजी, क्या पता, सबका एक साथ आता है.

"आता माझ्या घरचं तसं जाणार नाही," आई म्हणाल्या. "जा तू, तुझी मेट्रो जाईल."

आणि बाईंनी पदर खोचला. म्हणजे किती खोचावा! भाजीवाल्याने पातळ पिशवी पुढे केली की त्याच्या अंगावर खेकसायच्या, "नक्को बोला ना!" जुन्या सुती साड्या फाडून पिशव्या शिवल्या, एक माझ्या ऑफिसच्या बॅगेत कोंबली, एक भूषणच्या. पनीर आणायला स्टीलचा डबा. कागदी नॅपकिन बंद, फाटक्या चादरीचे चौकोन करून ओट्यावर ठेवले. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या आणि साठल्या की कबाडीवाल्याला. ऑनलाइन जेवण मागवलं तर सोबतचे प्लास्टिकचे चमचे पाठवू नका असं श्रावस्तीला फोनवर टाकायला लावायच्या. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या वरणात, रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा. श्रावस्ती नाक मुरडायची, "यार आजी, बासी रोटी?" मग फोडणीत कढीपत्ता तडतडला की तीच ताटली घेऊन पहिली हजर. फुटकी काच किंवा पाळीचं काही असेल तर कागदात गुंडाळून वर लाल खडूने फुली. ती फुली सोहराबला कळायची.

एकदा त्या पोरीला म्हणाल्या, "खरकटं इकडं दे, उष्टं तिकडं ठेव." ती म्हणाली, "आजी, दोन्ही जूठाच ना?" आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दिल्लीनं हिचे शब्द पण कचऱ्यात टाकले." मी काय बोलणार, कप्पाळ!

उरलेल्या सालांचं मग खत. रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या आणल्या, तापलेल्या खिळ्याने भोकं पाडली आणि मागच्या बाल्कनीत मांडल्या. आता एक कबूल करायला हवं, सुरुवातीला बाईंनी घोळ घातला. उरलेली आमटी, आंबलेलं ताक, सगळं त्यात ओतलं. परभणीला परसातल्या उकिरड्यात चालून जायचं, इथे बादलीत अळ्या झाल्या आणि वास असा सुटला की खालच्या मजल्यावरच्या मिसेस भाटियांनी बाल्कनीतून बोंब ठोकली. बरोबरच होतं त्यांचं. आईंनी बादली उपसली, घासली, पार्कातून कडुनिंबाची वाळकी पानं गोणीभर आणली आणि पुन्हा सुरुवात केली. सालांवर पानं, पानांवर सालं, पातळ काही नाही. वास गेला. उरला तो ओल्या मातीचा.

पण नाव जे पडलं ते पडलंच. कूड़ेवाली बाल्कनी!

भूषणला मात्र यातलं काहीच पटत नव्हतं, आणि त्याचं कारण वास नव्हतं. एकदा जेवताना तो ताट सरकवून म्हणाला, "आई, आजोबांनी गावाची मेलेली ढोरं ओढली. बाबांनी मास्तरकी करून आपल्याला त्यातून बाहेर काढलं. आणि तू दिल्लीत येऊन कचऱ्यात हात घालून बसतेस?"

"तो गावाचा होता. हा माझा हाय," आई म्हणाल्या. "दुसऱ्याची घाण मी उचलणार नाही, माझी दुसऱ्याला उचलू देणार नाही. यात तुला काय कळंना झालंय?"

त्याला कळत होतं. त्याची भीती वेगळी होती. हे घर मिळवताना आम्ही किती दारं वाजवली ते आम्हालाच ठाऊक. "खिल्लारे? ये कौन होते हैं?" असा प्रश्न आला की पुढे घर मिळायचं नाही. या घरमालकाने विचारलं नाही, आणि भूषणने सांगितलं नाही. सोसायटीत कुणी विचारलं तर, "महाराष्ट्र से हैं जी," एवढंच. पुढचं विचारायला कुणी थांबू नये म्हणून लिफ्टमध्ये हा मोबाइल बघत उभा राहायचा. मला याचा राग यायचा, खूप राग यायचा. पण शाळा जवळ, मेट्रो जवळ, मी पण गप्प बसायचे.

आणि मग त्यागीजींनी घरमालकाला फोन केला. त्यागीजी म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. रिटायर झालेले साहेब, पण साहेबपण रिटायर व्हायचं राहून गेलेलं. त्यांनी मालकाला सांगितलं, तुमचे भाडेकरू कचरा साठवतात, बिल्डिंगचं वातावरण बिघडतंय. मालकाने भूषणला सांगितलं, "रविवारच्या मीटिंगच्या आत बादल्या काढा, नाहीतर घर खाली करा." शाळेच्या वर्षाच्या ऐन मध्यात! पुन्हा ती दारं, पुन्हा ते "कौन होते हैं."

भूषण म्हणाला, "आई, प्लीज. बादल्या काढ."

आई म्हणाल्या, "नाही."

बस्स, एवढंच. मी दोघांच्या मध्ये बसून डोकं धरलं.

रविवारच्या आधी एका दुपारी त्यागीजी स्वतःच वर आले. आम्ही दोघं ऑफिसात, घरात आई आणि नुकतीच शाळेतून आलेली श्रावस्ती. पुढचं तिने मला सांगितलं ते असं. त्यागीजी दारातूनच कडक आवाजात म्हणाले, "माताजी, ये सब कब बंद होगा?"

आईंची हिंदी म्हणजे परभणीची मराठी, शेवटी 'है' लावलेली. त्या म्हणाल्या, "बंद काय कू करना? हम रोज खत डालते. दिवाळी के पहले से डालते. अब खत पूरा तैयार है."

त्यागीजी म्हणे एक पाऊल मागे गेले. "ख़त? किसको?"

"जिसको होना उसको. इतवार को मीटिंग में लाती. सबको देती. ऊपर तक देती."

"ऊपर तक?"

"हाव! और एक मेरा बेटा लेके जाता, कस्तुरबा गांधी मार्ग के हपीस में. वहाँ के साहेब ने मांग्या है."

त्यागीजी पाणीसुद्धा न पिता गेले.

संध्याकाळी मी घरी आले तर बेल वाजली. दारात त्यागीजी, हातात संत्र्यांची पिशवी, तोंडावर गूळ. "भाभीजी, चिट्ठी-विट्ठी की क्या ज़रूरत है? घर की बात घर में रहे. माताजी आराम से जो करती हैं करें." मी तोंड वासून बघत राहिले. मी म्हटलं, अच्छा जी, बिल्कुल जी. ते गेल्यावर बाल्कनीत जाऊन पाहते तर खाली कोपऱ्यातली पत्र्याची शेड रिकामी! या शेडवर 'जैविक खाद केंद्र' अशी मोठी पाटी आहे. कुणी तपासणीला येणार होतं म्हणून कधीतरी बांधली, आत खड्डेसुद्धा केले, आणि लोक बघून गेल्यावर खड्ड्यांवर फळ्या टाकून त्यागीजींनी आपली दुसरी गाडी तिथे लावली ती लावलीच. आज गाडी गायब, आणि माळी फळ्या उचलतोय.

मी घरात येऊन विचारलं, "आई, तुम्ही त्यांना नक्की काय म्हणालात?"

त्यांनी सांगितलं. मधलं मधलं श्रावस्ती सांगत होती, ती एकदम सोफ्यावरून उठून उभी राहिली. "मम्मा! आजीने खत बोललं! हिंदीत ख़त म्हणजे चिठ्ठी! खाद बोलायचं होतं! अंकलला वाटलं आजी त्यांची कंप्लेंट लिहितेय!"

अगं बाई! मी जमिनीवर बसून हसले. भूषण ऑफिसातून आला, त्याला सांगितलं (त्याच्या साहेबांनी कुंड्यांसाठी खत कुठे मिळतं एवढंच सहज विचारलं होतं), तोही हसला, किती दिवसांनी तो मोकळा हसला. म्हणाला, "चलो, घर वाचलं." मी सगळ्यांना दम भरला, "खबरदार कुणी खुलासा केला तर! राहू दे त्या माणसाला घाबरून."

हसल्या नाहीत त्या फक्त आई. "म्हणजे तो कागदाला भ्याला," त्या म्हणाल्या. "माझं खत त्यानं बघितलंच नाही."

"आई, बघायचं काय त्यात? काम झालं ना?"

"तुझं झालं असंल."

रविवारी सकाळी खाली लॉनवर मीटिंग. थंडीचे दिवस, सगळे उन्हात खुर्च्या ओढून बसलेले. त्यागीजी टेबलामागे. आम्ही जाऊन बसलो, तर मागून आई आल्या, दोन्ही हातांत बादली धरून, दम लागलेला. भूषण उठेपर्यंत त्यांनी ती त्यागीजींच्या टेबलावर ठेवलीसुद्धा.

त्यागीजींच्या चेहऱ्यावर अजून गूळ होता. "माताजी, ये क्या? वो आपका जो ख़त था..."

"येच तो खत!" आईंनी झाकण काढलं. काळंभोर, भुसभुशीत. "लेव. सबको लेव."

क्षणभर कुणालाच कळेना. मग मिसेस भाटिया म्हणाल्या, "अरे, खाद! खाद बोल रही हैं!" आणि सगळं लॉन हसायला लागलं. वाईट हसणं नव्हतं ते, पण त्यागीजींना लागलं. गाडी हलवली, संत्री आणली, ती एका शब्दासाठी! तोंड लाल झालं त्यांचं. बादली हाताच्या टोकाने ढकलून ते म्हणाले, "उठाइए ये. आप लोगों को आदत होगी कूड़े में रहने की, हमें नहीं है."

हसणं थांबलं. आप लोग. मी उठलेच होते, जीभ परजूनच उठले होते, पण माझ्या आधी कुणीतरी बोललं.

"त्यागीजी, आप लोग मतलब कौन?"

भूषण होता. लिफ्टमध्ये मोबाइल बघणारा माझा नवरा.

"अरे, मेरा वो मतलब नहीं था," त्यागीजी म्हणाले.

"नाम पूछने के बाद सब जो पूछते हैं, वो आपने नहीं पूछा. मैं बता देता हूँ." तो चालत टेबलापाशी गेला. "हम बौद्ध हैं. मेरे दादा गाँव के मरे हुए जानवर उठाते थे, क्योंकि गाँव उठवाता था. मेरी माँ अपने घर के छिलके उठाती है, क्योंकि उसकी मर्ज़ी है. इन दो बातों में जो फ़र्क है, वो आपको सीखना पड़ेगा."

मग त्याने बाही मागे सारली, बादलीत हात घातला आणि मूठभर खत काढून त्यागीजींसमोर टेबलावर ठेवलं. ज्या बादलीला त्याने आजवर बोट लावलं नव्हतं, त्या बादलीत कोपरापर्यंत हात! "सूँघिए," तो म्हणाला. "बदबू आये तो बताइए. घर खाली करवाना है तो यहीं, सबके सामने, कारण बोलके करवाइए. बाल्टी नहीं हटेगी. हम भी नहीं हटेंगे."

त्यागीजी कागद सारखे करत राहिले. शेवटी मिसेस भाटिया उठल्या, त्याच बोंब ठोकणाऱ्या, आणि म्हणाल्या, "त्यागीजी, माताजी से माफ़ी माँगिए. फिर आगे की बात होगी." त्यागीजींनी "सॉरी जी" असं काहीतरी टेबलाकडे बघत म्हटलं. ती काय माफी होती? मुळीच नव्हती. पण सगळ्यांसमोर मागावी लागली, हे मी बघितलं आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू. भाटियाबाईंनी आपल्या कुंड्यांसाठी ओंजळभर खत ओढणीत घेतलं, मग आणखी दोघीतिघी पुढे आल्या. सगळ्या नाही आल्या. काही जण खुर्च्या उचलून लांबूनच गेले, आणि आता ते लिफ्टमध्ये आमच्याशी बोलत नाहीत. न बोलेनात का!

घरी आल्यावर भूषणने हात न धुताच घरमालकाला फोन लावला. त्याचा फोन येण्याची वाट पाहिली नाही. जे झालं ते सांगितलं, आपण कोण तेही सांगितलं आणि म्हणाला, करार संपेपर्यंत आम्ही इथेच आहोत, आधी काढायचं असेल तर त्यागीजींचं वाक्य मी पोलिसांना पण ऐकवीन. मी श्रावस्तीचा हात घट्ट धरून ठेवला होता. मग मालक म्हणाला, "अरे भाई, बाल्टी ही तो है. रखो. मुझे झंझट नहीं चाहिए."

भूषणने फोन ठेवला आणि खुर्चीत बसला. आई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हणजे आता समद्या बिल्डिंगला कळलं म्हण, आपण कोण ते."

"कळलं, आई."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "किती दिवस साठवून ठेवणार होतास? घरात वास त्याचा येत होता, माझ्या बादल्यांचा नाही."